कसरीने राखलेली वाट

नगरला आठवडाभर राहून आलो म्हटल्यावर कॉलेजातल्या मित्रांनी पहिला प्रश्न विचारला, "किल्ला पाहिलास?" नाही पाहिला. "मग चांदबिबीचा महाल?" तो लांबून डोंगरावर दिसला, पण त्याला पाहणं म्हणता येणार नाही. "मग आठवडाभर केलंस काय?" एका खोलीत बसलो होतो, असं मी खरं ते सांगितलं. सगळे हसले. मलाही जरा ओशाळल्यासारखं झालं.

पण आमच्या घरातून जिल्ह्याच्या गावी कामासाठी मुक्काम करणारा मी पहिलाच. आधीचे सगळे कोर्टाच्या तारखेला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. ज्यांनी ती खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी.

जाण्याचं कारण आधी सांगायला हवं. आमची वाडी मिरजगावपासून चार मैल आत. वाडीच्या मावळतीला एक जुनं तळं आहे. आता तळं कसलं, गाळाने भरलेली बशी. दुष्काळ पडल्यावर सरकारने ठिकठिकाणी कामं काढली, पण आमच्या वाडीला काम मिळालं नाही. माझी आई सहा मैल चालत खडी फोडायला जायची आणि सहा मैल चालत परत यायची. तिचा उजवा गुडघा सुजला होता. रात्री ती तो माझ्यापासून लुगड्याखाली झाकून घ्यायची, आणि मला दिसलेला नाही असं मी दाखवायचो.

वाडीने ओव्हरसियर साहेबांना विचारलं, आमच्या तळ्याचा गाळ काढायचं काम का काढत नाही? साहेब म्हणाले, "काढतो की. पण शेजारचे मळेवाले दाजीबा म्हणतात, ती जमीन त्यांची. तळं सरकारी असल्याचा कागद आणा. पुढच्या बुधवारी पाहणीला येतो. कागद असला तर काम इथे, नसला तर दुसऱ्या गावाला."

वाडीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी एकटा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बी.ए.ला माझा विषय इतिहास आणि आमच्या सरांकडे संध्याकाळी बसून मी थोडं मोडी शिकलो होतो. सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये इंग्रज साहेबांच्या दौऱ्यांचे मोडी कागद आहेत. त्यात असेल." इतिहासाच्या माणसांचं 'असेल' हे आवडतं क्रियापद आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. प्राचार्यांचं पत्र खिशात घालून मी निघालो.

मंगळवार

आईने फडक्यात मिलोच्या चार भाकरी बांधून दिल्या. अमेरिकेहून आलेलं ते तांबडं धान्य. भाकरी निवली की तिच्यावर पाटी-पेन्सिलीने लिहिता येईल इतकी टणक होते.

"नगरात लई मानसं असत्यात," ती म्हणाली. "थैली संबाळ. कागुद मिळाला तर मिळाला, न्हाई तर न्हाई. येळेवर जेव."

एवढं बोलून ती खडीवर गेली आणि मी गाडीवर. आमच्या दोघांच्या वाटा फाट्यापर्यंत एकच होत्या.

नगरला एका धर्मशाळेत थैली ठेवली आणि विचारत विचारत कचेरीत पोचलो. दगडी इमारत, हातभर रुंद भिंती, आणि मागच्या बाजूला रेकॉर्ड रूम. दाराला तीन कुलपं. ती उघडत होते गेनूमामा. पन्नाशीचे शिपाई, आणि किल्ल्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, जानव्यासारख्या. मी चपला घालून आत पाय टाकला तशी ते ओरडले, "आरं पायतान! देवळात असा जातो व्हय?"

चपला काढल्या. आत छतापर्यंत लाकडी घोडे, म्हणजे फळ्यांच्या मांडण्या, आणि त्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. ह्या गठ्ठ्यांना तिथे रुमाल म्हणतात. खोलीत दिवा नाही. आगीच्या भीतीने इंग्रजांनी तिथे दिवा लावू दिला नाही, आणि इंग्रज गेल्याचं त्या खोलीला अजून कोणी कळवलेलं नव्हतं. एकच उंच खिडकी. तिच्यातून उन्हाची एक चौकट जमिनीवर पडायची, आणि टेबल त्या चौकटीत असायचं. ऊन सरकलं की दोघांनी टेबल उचलून उन्हाबरोबर सरकवायचं. संध्याकाळी टेबल भिंतीला टेकलं की कचेरी सुटली.

त्या टेबलामागे कुळकर्णी भाऊसाहेब बसले होते. रेकॉर्डकीपर. किडकिडीत, काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्यांचे वडील आणि आजोबाही ह्याच खोलीत नोकरीला होते, हे मला मामांनी नंतर सांगितलं.

"काय पाहिजे?"

"इतिहास," मी म्हणालो. घाबरलं की माझ्या तोंडून नको ते निघतं.

"तो इथे नसतो. इथे अर्ज असतात. तालुका कोणता?"

मी पत्र दिलं, तळ्याचं सांगितलं, पुढचा बुधवार सांगितला. आईच्या गुडघ्याचंही सांगणार होतो, पण सरकारी कचेरीत गुडघ्याची नोंद कुठे करणार, म्हणून गप्प बसलो. भाऊसाहेबांनी नियम सांगितले. शाई नाही, पेन्सिल. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. एका वेळी एक रुमाल. चहा बाहेर व्हरांड्यात. मग ते उठले, शिडीवर चढले आणि तिथे असलेल्या हजारभर रुमालांतून एक, न चाचपडता, ओढून काढला.

"तुमच्या भागातला एका साहेबाचा हिवाळी दौरा. बघा."

बुधवार

मी राजे, सरदार, तह ह्यांची मनाशी तयारी करून गेलो होतो. पहिला कागद एका बाईचा होता. साहेबाच्या मुक्कामासाठी नेलेला तांब्याचा हंडा परत मिळावा. दुसऱ्यात, साहेबाच्या घोड्याने खाल्लेल्या हरभऱ्याबद्दल तक्रार. तिसऱ्यात दोन भाऊबंदांचं भांडण, पोळ्याला मानाचा बैल कोणाचा. तेच भांडण आमच्या वाडीत गेल्या पोळ्याला मी स्वतः पाहिलं होतं. इतिहास पुढे सरकतो असं आम्हाला वर्गात शिकवतात.

मोडी लिहिणाऱ्याने हात न उचलता लिहायची आणि वाचणाऱ्याने दर शब्दाला ठेचकाळायचं, अशी ती लिपी. दिवसभरात मी शे-सव्वाशे कागदांवरून नजर फिरवली ती फक्त गावांची नावं बघत. आमच्या वाडीचं नाव कुठेच नव्हतं. दहा-पंधरा कागदांवर तर कोणत्याच गावाचं नव्हतं.

दुपारी व्हरांड्यात गेनूमामांनी डबा उघडला. ठेचा, कांदा आणि मिलोचीच भाकरी. जिल्ह्याच्या गावीसुद्धा भाकरी तांबडीच आहे हे पाहून मला उगीचच बरं वाटलं.

"मिळाला का रं कागुद?"

"नाही मामा."

"मिळंल. न्हाई मिळाला तर भाऊसायबाला इचार. त्यो रुमाल बगत न्हाई, हुंगतो."

मी विचारायचं ठरवलं. पण माझा स्वभाव असा की प्रश्न विचारायला योग्य वेळ शोधत बसतो, आणि पाच वाजतात. टेबल भिंतीला टेकलं होतं.

गुरुवार, शुक्रवार

सकाळी गेलो तर भाऊसाहेब थैली घेऊन निघाले होते. गुरांच्या छावणीवर जनावरं मोजायला त्यांना दोन दिवस पाठवलं होतं. दुष्काळात सगळ्या कचेऱ्यांतून माणसं उचलून नेत होते. रेकॉर्डकीपर मोजायला चांगला, असा वरच्यांचा हिशेब असावा.

"रुमाल तुमच्या हवाली," ते घाईने म्हणाले. "जसा आहे तसा ठेवा. शनिवारी बोलू."

'जसा आहे तसा ठेवा' हे आमच्याकडे पाहुण्याला 'सावकाश बसा' म्हणतात त्या चालीवरचं बोलणं असेल, असं मी धरून चाललो. आणि त्या दोन दिवसांत मी जे केलं ते मला अजून लिहायला जड जातं.

रुमालातल्या कागदांना काही क्रमच नव्हता. माघातल्या कागदावर कार्तिकातला, त्यावर मागच्या सालचा, मग पुन्हा पौष. सर वर्गात सांगत, "इतिहास म्हणजे कालक्रम. कालक्रम गेला की उरते ती अडगळ." मला त्या कागदांची दया आली. इतक्या वर्षांत एकाही शिकलेल्या माणसाने त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. भाऊसाहेबांनी ओळखदेख नसताना रुमाल काढून दिला, त्याची परतफेडही व्हायला हवी होती. मी कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले.

दोन दिवस लागले. गेनूमामा टेबल सरकवायला येत आणि कौतुकाने बघत. "लई झाक दिसतंय. आदी नुस्ता पाला हुता." ज्यांच्यावर तारीख नव्हती ते कागद मी सगळ्यात शेवटी एकत्र केले आणि वर चिठ्ठी लावली, 'संकीर्ण'. शुक्रवारी संध्याकाळी रुमालाला गाठ मारताना मला वाटलं, तळ्याचा कागद नाही मिळाला तरी ह्या खोलीत आपलं एक काम मागे राहील. ते राहिलंच असतं.

शनिवार

भाऊसाहेबांनी रुमाल सोडला, वरचे चार कागद पाहिले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले.

"हे कोणी केलं?"

"मी. म्हणजे, कालक्रमाने..."

"हात धुतलेले होते?"

"हो."

"तेवढं एक बरं केलंत."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. साहेब दौऱ्यावर निघायचा. एका गावी तंबू पडला की त्या गावचे सगळे अर्ज, नवे-जुने, त्याच्यापुढे यायचे. निकाल झाला की कागद रुमालात. मग तंबू पुढच्या गावी. कागदावर तारीख कधीचीही असो, रुमालात तो साहेबाच्या वाटेने जायचा. खालचा कागद पहिल्या मुक्कामाचा आणि वरचा शेवटच्या.

"तुम्ही वाडीचं नाव शोधत होतात. त्या काळी वाडीला नाव कोण देतो? ती कुठल्यातरी गावाच्या पोटात असायची. कागदावर नाव नसणार, पण जागा असते. कोणत्या दोन गावांच्या मधे तो कागद आहे, एवढीच त्याची ओळख." ते थांबले. "होती."

बिननावाचे, बिनतारखेचे ते कागद. ते सगळे मी हातात घेतले होते आणि ढिगाच्या शेवटी टाकून वर चिठ्ठी लावली होती.

"परत लावता येईल?"

"माझ्या वडिलांना आलं असतं. त्यांना तो रस्ता पाठ होता. घोड्याचा रस्ता हो, तुमचा डांबरी नव्हे. मला अर्धा येतो, नगरपासून निम्म्यापर्यंत. तुमच्या बाजूचा येत नाही." त्यांनी रुमाल बांधला. "सोमवारी दुपारी मला वर कळवावं लागेल. मग हा सीलबंद होईल. तोवर काय ते बघा. आणि सरांना पत्र लिहा, विद्यार्थी कालक्रमात पास झाला म्हणावं."

शनिवारी कचेरी दुपारी एकला सुटते. मी व्हरांड्यात चपला शोधत होतो आणि त्या पायाशीच होत्या.

"चल," गेनूमामा म्हणाले. "उद्या ऐतवार. हितं धर्मशाळंत भिताडाकडं बगत बसनार व्हय? घरी चल माज्या."

रविवार, शनिशिंगणापूर

मामांचं गाव शिंगणापूर. शनीचं. तिथल्या घरांना दारं नसतात हे मी ऐकून होतो, पण मला ती बोलायची रीत वाटायची. मोटार रस्त्यावर उतरून आम्ही पायी गेलो आणि पाहिलं तर खरंच, चौकटी आहेत, दारं नाहीत. कुत्री येऊ नयेत म्हणून एखादा झाप टेकवलेला. मामांच्या घरात सगळं समोर: हंडे, कणगी, मामींची डोरल्याची डबी.

"माझी थैली कुठे ठेवू?" मी विचारलं. मामी तोंडाला पदर लावून हसल्या. "ठिव की कुटंबी. तुजी थैली चोरून शनीच्या तावडीत कोन जाईल?"

तरी मी ती मांडीखाली घेऊन बसलो. सवय. आमच्याकडे दार असतं, कडी असते, आणि आत चोरण्यासारखं काही नसतं. आणि जो माणूस जन्मभर बिनदाराच्या घरात झोपला, तो सहा दिवस गळ्यात किल्ल्या घालून जुन्या तक्रारअर्जांची राखण करतो. मी मामांना तसं म्हटलं.

"मंग? घरात शनी हाय राखायला. कचेरीत कोन हाय?"

मामींनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. लसणाचा असा काही दणका की कालचं दुःख क्षणभर मागे सरलं. जेवण्याआधी मामा मला चौथऱ्यावर घेऊन गेले. उघड्या आभाळाखाली काळी उभी शिळा, तिच्यावर तेल ओघळतंय. मी हात जोडून मनात यादी करायला लागलो.

"काय मागतूस?"

"कागद."

"ह्या देवाला 'दे' म्हनत न्हाईत, येड्या. ह्याला 'जाऊ दे' म्हंत्यात."

मी 'जाऊ दे' म्हटलं. मनात भाऊसाहेब आले.

परतताना पुन्हा मोटार रस्त्यापर्यंत चालणं. मामा चालता चालता एकेक वस्ती सांगत होते. ही लिंबाची, हितं माजं बैल बसलं हुतं. ही वडाची, हितं मामीच्या बापानं मला नको म्हनलं हुतं. "पायी चालनाऱ्याला वाट पाठ असती," ते म्हणाले. "गाडीत बसनाऱ्याला नुसतं तिकीट."

मी रस्त्यात थांबलो.

माझ्या आईचं माहेर आमच्या वाडीपासून अकरा मैल, नगरच्याच दिशेला, पण डांबरी सडक सोडून जुन्या गाडीवाटेने. लहानपणी दरवर्षी आम्ही तिथून निघून, आमची वाडी ओलांडून, पुढे थेरवस्तीच्या जत्रेला चालत जायचो. मी रडायला लागलो की ती म्हणायची, "बोरओढा आला की पानी पिऊ. मंग कवठेवाडीचा पार. मंग थेरवस्तीला चिच्चा." अशी ती मला एका गावातून दुसऱ्या गावात ढकलत न्यायची. गावांची नावं मला सलग सांगता आली नसती. पण कुठे पाणी, कुठे चिंच, कुठे माझा काटा काढला आणि कुठे मार बसला, हे मला ओळीने आठवत होतं. साहेबाच्या घोड्यालाही पाणी लागलंच असेल की.

सोमवार

भाऊसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी जमिनीवर सतरंजी अंथरली. नगरकडचा अर्धा रस्ता त्यांनी लावला, आमच्याकडचा मी.

"बोरओढ्यानंतर?"

"कवठेवाडी. मधे आमची वाडी लागते, पण ती साहेबाला गाव वाटली नसेल."

"पुरावा?"

"कवठेवाडीच्या पारावर आईने मला मारलं होतं."

"चालेल."

नावांचे कागद तासाभरात आपापल्या गावी जाऊन बसले. राहिले बिननावाचे पंधरा. ते कुठे घालायचे? भाऊसाहेबांनी एक कागद उचलून खिडकीपुढे धरला. कागदाच्या कडेला मोहरीएवढं भोक होतं.

"कसर. हिने शंभर वर्षं हा रुमाल खाल्ला. पण खाताना कागद उलटसुलट केले नाहीत. वरून शिरली ती तिरकी खालपर्यंत गेली. दर कागदावर भोक केसभर सरकलेलं असतं. आता ह्याच्या वरचा आणि खालचा शोधा."

मी बोरओढ्याचा शेवटचा कागद घेतला, कवठेवाडीचा पहिला घेतला आणि मधे एकेक बिननावाचा घालून खिडकीपुढे धरू लागलो. पहिल्यातून उजेड आला नाही. दुसऱ्यातून नाही. आठवा कागद मधे घातला आणि तिन्ही कागदांतून सुईएवढा उजेड आरपार माझ्या डोळ्यात आला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने जे मोडलं ते एका किड्याने राखलं होतं.

वाचायला मला पाव तास लागला. भाऊसाहेबांनी मदत केली नाही, मुद्दाम. 'वाडीखालील तळे. मावळतीस घोडीचे चित्राचा धोंडा आहे. धोंड्याचे आतील जमीन तळ्याकडे सोडिली आहे. तीवर सारा बसवू नये.' खाली साहेबाचा गोल शिक्का.

नकलेचा नियम असा की एकाने लिहायची आणि मग दुसऱ्याने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, पहिल्याने नकलेवर बोट ठेवून जुळवायचं. ह्याला रुजवात म्हणतात. दुसरा कारकून छावणीवर होता, म्हणून वाचायला मला बसवलं. मी वाचलं, "वाडीखालील सरकारी तळे..."

"सरकारी कुठे आहे?"

नव्हतं. माझ्या मनात होतं.

"मुळात आहे तेवढंच," भाऊसाहेब म्हणाले. "चांगलं आपल्या पदरचं घालायचं नाही. वाईटही नाही."

त्यांनी तीन नकला केल्या: बोरओढ्याचा शेवटचा कागद, तळ्याचा, आणि कवठेवाडीचा पहिला. खाली लिहिलं, 'मूळ रुमालातील क्रमाने'. मग माझ्यापुढे एक कोरी चिठ्ठी ठेवली आणि सांगितलं ते मी माझ्या हाताने लिहिलं: ह्या रुमालातील कागदांचा क्रम बदलू नये. बाकीचे चौदा कागदही भोकं जुळवून जागेवर बसवले, 'संकीर्ण' काढून ती चिठ्ठी आत घातली आणि त्यांनी गाठ मारली. वर काहीच कळवलं नाही.

मंगळवारी सकाळी सही-शिक्का मिळाला. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "मोडी बरं वाचता." आणि टेबल सरकवायला उठले.

बुधवार, वाडी

पाहणीला सगळी वाडी जमली. खाडा करून बायकाही आल्या होत्या. ओव्हरसियर साहेबांनी तिन्ही नकला वाचल्या, मान हलवली आणि विचारलं, "घोडीचा धोंडा कुठे आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकलेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्या तळ्यावर असा धोंडा पाहिला नव्हता. दाजीबा मळेवाले मिशीतून हसले. "सायब, कागुद काय, कुटलाबी आसंल. धोंडा दावा म्हनावं."

बायकांच्यात कुजबुज झाली. माझी आई पुढे आली, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"त्यो... त्यो धुन्याचा न्हवं?"

तळ्याच्या मधोमध, गाळात, एक गुळगुळीत सपाट दगड होता. मी लहान असताना माझे कपडे त्याच्यावर आपटले गेले आहेत. चार गड्यांनी तो उलटा केला. खालच्या अंगाला घोडी होती. एक पाय झिजलेला, कान शाबूत.

पण दाजीबा जास्तच खूश झाले. "ब्येस! म्हंजी तळ्याची हद्द हितं मधीच हाय. ह्याच्या पल्याडचं समदं माजं."

साहेबांनी आईकडे पाहिलं. "हा धोंडा मूळचा इथलाच?"

आई खाली बघायला लागली. "न्हाई सायब. मी नवी नवरी हुते. धुयाला चांगला दगूड न्हवता, तवा आमी चौगीजनींनी लोटत आनला. आडव्यातिडव्या पडलो, पर आनला."

"कुठून?"

"त्या तितनं. जागा रिकामी ठिवू ने म्हनून आमी एक ल्हान दगूड मांडला आन शेंदूर लावला."

तिने हात केला तिकडे सगळ्यांनी पाहिलं. पार वर, मळ्याच्या कडेला, लिंबाखाली दाजीबांचा म्हसोबा होता. दरवर्षी पेरणीआधी ते तिथे नारळ फोडतात, वाडीला खोबरं वाटतात. मीही खाल्लं आहे. ज्या हद्दीला ते नाही म्हणत होते तिचीच त्यांनी इतकी वर्षं पूजा केली होती.

"काय दाजीबा," साहेब म्हणाले, "हा म्हसोबा इकडे खाली आणायचा का?"

दाजीबांचा चेहरा उतरला. "देव हाय सायब. देव कसा हालवायचा?"

साहेबांनी म्हसोबापासून टेप धरायला सांगितला.

पुढच्या सोमवारी काम सुरू झालं. आई घरातून निघाली आणि मी चहाचा कप विसळेपर्यंत तळ्यावर पोचलीसुद्धा. दुपारी मी तिची भाकरी घेऊन गेलो. ती घोडीच्या दगडावर पाय पसरून बसली होती, गुडघ्यावर ओला पाला बांधून, उघडपणे.

"नगरात येवडे दिस काय केलंस रं?" तिने विचारलं. त्या गडबडीत आमचं बोलणंच झालं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. रुमाल, साहेबाची वाट, बोरओढ्याचं पाणी, कवठेवाडीच्या पारावरचा मार, कसरीचं भोक. ती भाकरी चावत ऐकत होती.

"म्हंजी कागुद आदी नीट लावल्यालेच हुते."

"हो."

"ते तू इस्काटलंस."

"हो."

"आन परत हुते तसं लावलंस." तिने पाणी प्यायलं, पाटी उचलली. "बरं झालं बाबा. न्हाई तर हितं येऊन माजा दगूड कोनी उलटा केला असता?"

आणि ती गाळात उतरली.